रेतमात्रेत कोकम: माझा अनुभव

पदव्युत्तर प्रबंधासाठी सरांनी विषय दिला: कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य गोठवताना त्यात घालायचं नैसर्गिक अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ. शेवगा, ग्रीन टी यांवर काम झालेलं होतं. मी सिंधुदुर्गातला, म्हटलं कोकम घेऊ. आमचे लॅबमधले काका हसले, "डॉक्टरानु, रेतात सोलकढी घालतास काय?"

शुक्राणूच्या पडद्यात असंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असतात, आणि गोठवण-वितळवणीत ऑक्सिडेशन होऊन तो पडदाच आधी खराब होतो. त्यात मेलेले शुक्राणू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून शेजारच्या जिवंतांनाही त्रास देतात. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल आणि अँथोसायनिन (लाल रंगद्रव्य) ही अँटिऑक्सिडंट आहेत, म्हणून ही खटपट.

घरची आमसुलं बाद, कारण त्यांत मीठ, आणि वीर्य ज्या द्रावणात ठेवतात त्याचं ऑस्मोटिक गणित, म्हणजे शुक्राणूच्या आतबाहेर पाणी जाण्याचा तोल, मिठाने बिघडतो. मे महिन्यात आत्याकडून ताजी फळं आणून बिनमिठाची साल सावलीत वाळवली.

खरा छळ पीएचने केला. वीर्य पातळ करून जपणाऱ्या द्रावणाचा, म्हणजे ट्रिस (पीएच सांभाळणारं रसायन) आणि अंड्याचा बलक यांच्या डायल्यूटरचा, पीएच ७ च्या किंचित खाली लागतो. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, त्यामुळे अर्क पडला की पीएच घसरणार, आणि आम्लात शुक्राणू सुस्तावतात. थोडं थोडं ट्रिस घालून तो वर आणायचा, तर लालभडक अर्क डोळ्यांदेखत मळकट जांभळा व्हायचा. अँथोसायनिन या पीएचला फार टिकतही नाही. त्यामुळे अर्क ज्या दिवशी गोठवण त्याच दिवशी करायचा, असं ठरवून टाकलं.

पुढचं नेहमीचंच. एकाच वेळी घेतलेलं वीर्य वाटून अर्धं अर्काविना, उरलेलं वेगवेगळ्या मात्रांत. ०.२५ मिलीच्या कांड्या (वीर्य भरायच्या बारीक नळ्या), ५ अंशांवर ४ तास, मग नायट्रोजनची वाफ आणि शेवटी उणे १९६ अंश. पावसात घाटावरून नायट्रोजनची गाडी वेळेवर येईल तर शपथ.

३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद वितळवून थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. कमी मात्रेच्या कांड्यांत हालचाल बरी दिसली. जास्त मात्रेत शुक्राणू अर्काविनाच्या कांड्यांपेक्षाही मंद. फलनक्षम व्हायला शुक्राणूला थोडे ऑक्सिडंट लागतातच, तेव्हा सगळेच पुसून काढणंही बरं नाही. आणि मुळात ज्या वळूचं वीर्य हलकं, त्याला कोकमाने काही तारलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, "पुढच्या वर्षीच्या कोकमाचा अर्क असाच निघेल?" नाही निघणार, सर, म्हटलं, दर खेपेला अर्कातलं एकूण फिनॉल (अँटिऑक्सिडंट गुणाची संयुगं) मोजून मगच मात्रा ठरवावी लागेल.