मांडीचा भार पोटरीवर

नागपुरात घरोघरी कूलरला नवा खस लागत होता, तेव्हा मी एस्टेस पार्कला कानटोपी घालून पोस्टरची गुंडाळी सांभाळत होते. कोलोरॅडोतलं हे डोंगरातलं गाव साडेसात हजार फुटांवर, आपलं नागपूर जेमतेम हजारावर. दोन जिने चढले की धाप लागायची. एल्क नावाची म्हशीएवढाली हरणं मात्र रस्त्यात निवांत उभी.

निमित्त होतं अमेरिकन सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्सच्या रॉकी माउंटन विभागाच्या परिषदेचं. चालताना, धावताना, उडी मारताना कुठल्या सांध्यावर किती भार येतो, याचा हिशेब म्हणजे बायोमेकॅनिक्स. इथे बोलतात विद्यार्थी, प्राध्यापक मागच्या खुर्च्यांवर. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. (खरं सांगू? श्रीफळाची थोडी आठवण आली.)

माझा विषय उकिडवं बसणं. "हे कशाला मोजायचं?" असं एकाने विचारलंच. त्याला जयपूर फूटची गोष्ट सांगितली. 1968 साली तो पाय घडवला, कारण परदेशी कृत्रिम पाय बूट आणि खुर्ची गृहीत धरून केलेले. आपल्या माणसाला अनवाणी चालायचं, मांडी घालायची, उकिडवं बसायचं असतं.

मोजायची रीत अशी: अंगावर चमकत्या गोळ्या चिकटवायच्या, म्हणजे मार्कर. इन्फ्रारेड कॅमेरे त्यांची जागा टिपतात आणि पायाखालची फोर्स प्लेट जमिनीचा उलटा जोर मोजते. दोन्हींवरून गुडघ्याचं गणित सुटतं. चालताना हा जोर आपल्या वजनाहून थोडाच जास्त असतो, धावताना दोन-अडीच पट. बसण्याचं मात्र त्रांगडं. माणूस पुरता खाली गेला की कमरेपुढच्या गोळ्या पोट-मांडीच्या घडीत गडप! माझा अख्खा हिवाळा त्या शोधण्यात गेला.

आणि पोस्टरपुढे बीएस्सीच्या वयाची एक पोरगी चिप्स खात उभी राहिली. म्हणाली, "पूर्ण बसल्यावर मांडी पोटरीला टेकते ना? तो आधार कुठे धरलाय?"

धरलाच नव्हता. माझ्या गणितात सगळा भार एकटा गुडघा सोसत होता. म्हणजे तळाशी आलेला माझा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला. मागे कॉफी पीत उभ्या माझ्या गाइड बाई नुसत्या हसल्या. सोडवायला कोणी आलं नाही.

रात्री आठला घरी फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात, आई उकिडवी बसून पालक निवडत होती.

"तोंड काहून उतरलं तुझं?"

सांगितलं सगळं.

"त्यात काय शोधून राहिली तू? बसलं की काही दुखत नाही. उठताना जीव जाते."

बरोबर! उठायला लागलं की मांडी पोटरीवरून सुटते, तो टेका जातो आणि सगळा ताण मांडीच्या पुढच्या स्नायूवर, गुडघ्याच्या वाटीवर येतो. हे माझ्या पोस्टरवर कुठेच नव्हतं.

"आई, तशीच ऊठ. बाबा, बाजूने व्हिडिओ काढा."

बाबांनी कुरकुरत काढला आणि पाठवला. त्यात कूलरचा आवाज स्पष्ट आहे, पालकाची जुडी स्पष्ट आहे, आणि आईचे गुडघे साडीत गडप.