तुम्ही विचारलेत म्हणून: ओपन सोर्स प्रकल्पाच्या चाचण्या कोठे ठेवाव्यात?

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी एखादा ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा, प्रकल्प हाती घेतात, तेव्हा टेस्ट केस (काय व कसे तपासायचे याच्या लेखी पायऱ्या) आणि त्यांचे निकाल ठेवण्यासाठी कोणते साधन निवडावे, हा प्रश्न ते मला हमखास विचारतात. त्यांना एक नाव हवे असते. मी आधी एक अट सांगते: ज्या व्यक्तीला तुम्ही ओळखत नाही आणि जिने तुमच्याकडे खाते उघडलेले नाही, तिलाही तुमच्या चाचण्या वाचता आल्या पाहिजेत. कंपनीत चाचणी करणाऱ्याला पगार असतो आणि खाते कंपनीच काढून देते. ओपन सोर्समध्ये ही व्यक्ती स्वतःचा मोकळा वेळ देते आणि तो वेळ नोंदणी व परवानगी यांतच संपला, तर ती पुन्हा फिरकत नाही.

आमच्या भागाला ही अट विशेष लागू पडते. समजा, छोट्या वाचनालयांसाठी पुस्तकांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर तुम्ही लिहीत आहात आणि मराठी, कन्नड व इंग्रजी शीर्षके एकाच यादीत येणार आहेत. मराठी वर्णमालेप्रमाणे ळ, क्ष आणि ज्ञ हे ह च्या नंतर लागतात की नाही, हे स्वयंचलित चाचणी क्षणात तपासते. परंतु ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र पडद्यावर आणि छापील कार्डावर नीट उमटतो का, कन्नड जोडाक्षरातील खाली लिहिले जाणारे अक्षर पुढच्या ओळीला भिडते का, हे दोन्ही लिप्या सहज वाचणाऱ्या माणसानेच पाहावे लागते. घरी मराठी बोलणारे आणि कन्नडही वाचणारे असे लोक येथे गावोगाव आहेत, आणि अशा सॉफ्टवेअरला त्यांच्याइतके चांगले परीक्षक इतरत्र सहजासहजी मिळणार नाहीत. ते ग्रंथपाल असतात, शिक्षक असतात. त्यांतील बहुतेकांनी कोड लिहिलेला नसतो. साधन निवडताना तुमच्याआधी त्यांचा विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

म्हणून सुरुवात साध्या मजकुराच्या फायलींनी करावी आणि त्या फायली कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, ठेवाव्यात. एखादी सुविधा बदलली की तिची चाचणीही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्यासाठी पाठवलेल्या प्रस्तावात) बदलते, बदल कोणी व का केला हे दिसते, आणि जुन्या आवृत्तीच्या शाखेत, म्हणजे वेगळ्या जपलेल्या प्रतीत, जुन्याच चाचण्या शाबूत राहतात. स्वतंत्र सर्व्हरवर ठेवलेल्या चाचण्या मात्र कोडपासून हळूहळू दुरावतात. क्युकंबरसारख्या चाचणी-साधनांत वापरली जाणारी, चाचण्या साध्या वाक्यांत लिहिण्याची घर्किन ही पद्धत येथे उपयोगी पडते. तिला मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील बीजशब्द (वाक्य सुरू करणारे ठरलेले शब्द) चालतात, त्यामुळे ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ यांनी सुरू होणारी वाक्ये ग्रंथपालालाही वाचता येतात.

या मार्गाची मर्यादाही खरी आहे. काय तपासायचे, हे रिपॉझिटरी सांगते. परंतु कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या फोनवर, कोणी तपासले आणि निकाल काय आला, हे ती आपोआप सांगत नाही. प्रकल्प लहान असेपर्यंत प्रत्येक रिलीजसाठी, म्हणजे प्रसिद्ध होणाऱ्या आवृत्तीसाठी, एक इश्यू (रिपॉझिटरीसोबतचे नोंदीचे व चर्चेचे पान) उघडून त्यात तक्ता ठेवला तरी पुरते. हा मार्ग कमी दर्जाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. फेडोरा या लिनक्स प्रणालीसारख्या मोठ्या प्रकल्पाने रिलीजच्या चाचण्या आणि त्यांचे निकाल वर्षानुवर्षे विकीच्या पानांवर ठेवले आहेत, आणि ओपनक्यूए या स्वयंचलित यंत्रणेचे निकालही त्याच तक्त्यांत नोंदवले जातात.

आवृत्त्या, उपकरणे आणि माणसे वाढून तक्ता आवाक्याबाहेर गेला, की वेगळे साधन घ्यावे. त्या टप्प्यावर मी किवी टीसीएमएस हे टेस्ट केस व निकाल सांभाळणारे साधन सुचवते. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीत जन्मलेल्या नायट्रेट या साधनापासून ते पुढे वाढले. ते पायथन भाषेतील जँगो या वेब चौकटीवर उभे आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले आहे, डॉकरमधून (सॉफ्टवेअर तयार गठ्ठ्यात चालवण्याच्या सोयीतून) बसवता येते, आणि जेयुनिट एक्सएमएल किंवा टॅप या निकाल नोंदवण्याच्या स्वरूपांतील स्वयंचलित निकाल प्लगइनद्वारे (जोड-सॉफ्टवेअरद्वारे) आत घेते. हाताने केलेल्या आणि यंत्राने केलेल्या चाचण्या एकाच ठिकाणी दिसणे, हे माझ्या पसंतीचे मुख्य कारण आहे. मात्र खाते नसलेल्यांना वाचनाची मुभा कशी द्यायची, हे बसवतानाच ठरवावे. टेस्टलिंक हे पीएचपीवरील जुने साधन असून गरजा आणि टेस्ट केस यांची जोडणी त्यात चांगली होते, परंतु त्याच्या सुधारणांचा वेग मंदावला असल्याने नव्या प्रकल्पाला मी ते सुचवत नाही.

व्यावसायिक साधने ओपन सोर्स प्रकल्पांना कधी कधी विनामूल्य मिळतात. ती वाईट नसतात, पण त्यांचे भवितव्य तुमच्या हातात नसते. झेफर आणि एक्सरे ही अ‍ॅटलासियन कंपनीच्या जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारी साधने. जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार अ‍ॅटलासियनने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवला, तेव्हा स्वतःच्या सर्व्हरवर ती आवृत्ती चालवणाऱ्यांना पुढची सोय शोधणे भाग पडले. खुले साधनही कायम टिकते असे नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने स्वतः लिहिलेले मोझट्रॅप हे चाचण्यांचे साधन लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानेही वापरले होते, आणि तरीही पुढे मोझिला टेस्टरेल या व्यावसायिक साधनाकडे वळली.

यासाठीच, कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी त्यात थोड्या चाचण्या भरून त्या पुन्हा बाहेर काढून पाहाव्यात, आणि पायऱ्या, निकाल, जोडलेली छायाचित्रे व देवनागरी-कन्नड मजकूर हे सारे जसेच्या तसे परत मिळते का, ते तपासावे. नावांच्या याद्यांची तुलना करत बसण्यापेक्षा ही एक दुपार अधिक सांगून जाते.

शेवटचा प्रश्न सर्व्हर सांभाळणाऱ्याचा. बॅकअप, सुरक्षेच्या सुधारणा आणि विसरलेले पासवर्ड यांचे काम पदवी मिळाल्यानंतरही करण्यास किमान दोन जण तयार असतील, तरच किवी बसवावे. पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी लागली की मुले पांगतात, हे येथे सर्वांनाच ठाऊक आहे. असे दोघे मिळत नसतील, तर चाचण्या रिपॉझिटरीतच राहू द्याव्यात आणि रिलीजचा तक्ता इश्यूमध्ये ठेवावा.