मोटार धरत नाही

हौद 12 फूट लांब, 10 फूट रुंद, 5 फूट खोल. म्हणजे 600 घनफूट, जवळजवळ 17,000 लिटर. विहिरीवर पाच एचपीची मोटार आणि हौद विहिरीला लागून, तेव्हा सेकंदाला आठ-दहा लिटर पाणी पडायला हरकत नाही. अर्ध्या तासात हौद काठोकाठ. या हिशेबावर माझ्या कादंबरीतला खून उभा होता आणि त्या खुनावर 21 प्रकरणं.

गोष्ट राहुरी-नेवाशाच्या ऊसपट्ट्यातल्या एका ख्रिस्ती वस्तीची. मंडळीची, म्हणजे तिथल्या चर्चची, मिशनच्या काळातली जमीन, तिचे जुने कागद, आणि ते कुठे ठेवलेत हे ठाऊक असलेले एक निवृत्त मास्तर. मंडळीचा खजिनदार 31 डिसेंबरच्या संध्याकाळी मास्तरांना गुंगीचा चहा पाजतो, रिकाम्या हौदात निजवतो, स्टार्टरला ऑटो स्विच जोडतो आणि वॉचनाइटच्या, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या, उपासनेत पहिल्या बाकावर जाऊन बसतो. फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, त्या आठवड्यात रात्रपाळी. बाराला थ्री फेज येणार, मोटार आपोआप सुरू होणार, आणि नेमक्या त्या वेळी खजिनदार दीडशे माणसांत गुडघे टेकून नव्या वर्षाची प्रार्थना करत असणार.

ज्यांनी शेतीची वीज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शेतीला थ्री फेज दिवसाकाठी आठेक तास मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. उरलेल्या वेळात वस्तीवर असते ती सिंगल फेज, दिव्या-पंख्यापुरती. रात्रपाळीत बटण दाबायला उठायचं तर वाटेत ऊस, आणि उसात बिबट्या. म्हणून ऑटो स्विच. एवढासा डबा. तिन्ही फेज आल्या का ते पाहतो, ठरवलेला वेळ थांबतो आणि तुमच्याऐवजी स्टार्टर चालू करतो. वीज कंपनी दरवर्षी सांगते की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर लावा. कोणी काढत नाही. कंपनी हे का सांगते ते मला माहीत होतं. त्याचा माझ्या गोष्टीशी काय संबंध, हे मात्र लक्षात आलं नव्हतं.

माझे निम्मे वाचक रोज स्टार्टर दाबणारे आहेत. मंडळीच्या वाचनालयात एकच प्रत असते आणि ती चाळीस घरं फिरते. त्यातल्या एका घरात जरी कोणी म्हणालं की असं होत नाही, तर पुढच्या पानांवर पश्चात्ताप असो की क्षमा, तीही खोटी ठरते. म्हणून खून लिहिण्याआधी जागेवर करून बघायचा, हा माझा नियम. या वेळी तो मी उलट्या क्रमानं पाळला. आधी लिहिलं, मग तात्यांच्या विहिरीवर गेले.

बरोबर मोटार रिवायंडिंग करणारे मिस्तरी होते. त्यांनी स्टार्टरकडे पाहिलंच नाही. आधी विहिरीत वाकून बघितलं.

"ताई, ही मोनोब्लॉक हाय, वर बसलेली. खाली फूटव्हॉल्व्ह लीक हाय. तात्या बादलीनं पाणी भरत्यात तवा ही पाणी उचलती. तुमच्या ऑटोला बादली कोण देणार?"

वर बसलेली मोटार पाणी ओढून घेते, त्यासाठी तिच्या पोटात आणि खालच्या सक्शन पाइपात आधी पाणी असावं लागतं. पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह ते धरून ठेवतो. त्याचं चामडं झिजलं की बंद मोटारीतलं पाणी हळूहळू विहिरीत उतरतं, आणि पुढच्या वेळी मोटार नुसती हवा घुसळते. ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं बूच, तापतं, त्यातली दोरी जळते, आणि पाणी थेंबभर येत नाही. कादंबरीपुरता हा प्रश्न एका शब्दानं सुटला. विहिरीत पाणबुडी मोटार टाकली. ती पाण्यातच असते, तिला भरावं लागत नाही. मला वाटलं, झालं. मिस्तरी म्हणाले, "रातच्याला या. थ्री फेज येती तवा बघू."

रात्री आम्ही चौघं गेलो. तात्या, काकू, मिस्तरी आणि मी. दोन बॅटऱ्या, काठ्या, आणि तात्यांच्या मोबाईलवर मोठ्यानं लावलेली गाणी, बिबट्याला माणसांची चाहूल लागावी म्हणून. गव्हाला दुसरं पाणी चालू होतं, कांद्याची लागण जोरात होती. पावणेबाराला काकूंनी चार बादल्या ओतून मोटार भरून घेतली. हौदात मी खुणा केलेली काठी उभी केली. मिस्तरींनी ऑटो स्विच जोडला आणि थांबण्याचा वेळ दुकानातून आला तसाच ठेवला, काही सेकंदांचा.

बारा वाजून सात मिनिटांनी स्टार्टरवरचे तिन्ही दिवे लागले. लाल, पिवळा, निळा. व्होल्टमीटरचा काटा 400 च्या पुढे गेला. मग शिवारभर, जवळून आणि लांबून, एकामागून एक मोटारी उठल्याचा आवाज आला आणि काटा खाली यायला लागला. 360. 320. आमच्या ऑटोनं स्टार्टर दाबला तेव्हा तो 300 च्या आसपास होता. मोटारीनं एक हुंकार दिला, काटा आणखी पडला, आणि स्टार्टरच्या पेटीतून कट-कट-कट-कट असा आवाज सुरू झाला. मोटार फिरेना आणि आवाज थांबेना. मिस्तरींनी झटकन लाल बटण दाबलं.

"अजून दोन मिन्टं सोडलं आस्तं तर कॉइल गेली आस्ती. ताई, डिसेंबरात ह्या डीपीवर पहिल्या पाच-धा मिन्टात मोटार धरत न्हाय."

धरत नाही म्हणजे चालू होऊन चालू राहत नाही, आणि डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर. याचं कारण साधं आहे. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा पट्टा, धरून ठेवते ती एक चुंबकी कॉइल. पट्टा ओढायला आणि धरून ठेवायला तिला पुरेसं व्होल्टेज लागतं. पाच एचपीची मोटार चालताना सात-साडेसात अँपियर घेते, पण उठताना त्याच्या सहा-सात पट. म्हणजे कॉइल पट्टा ओढते, मोटार करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, कॉइल पट्टा सोडते. मोटार सुटली की व्होल्टेज जरा वर येतं आणि कॉइल पुन्हा ओढते. ती कट-कट म्हणजे हा झगडा. 63 केव्हीएची डीपी अशा दहा-बारा मोटारी पेलते. या डीपीवर त्याहून बऱ्याच जास्त जोडलेल्या आहेत, आणि निम्म्यांना ऑटो आहे. सगळे डबे एकाच क्षणी जागे होतात. कंपनी काढा म्हणते ते याचसाठी.

हौदातली काठी कोरडी होती. मास्तर मेले नव्हते.

मिस्तरींनी जाता जाता तोडगाही दिला. ऑटोचा वेळ पंधरा मिनिटांवर न्या, बाकीच्या मोटारी एकदा चालू लागल्या की ओढ कमी होते, व्होल्टेज सावरतं, मग आपली धरते. म्हणजे एका वाक्यात खून पुन्हा उभा. मी ते वाक्य लिहिलं. तीन दिवस ते पानावर राहिलं. चौथ्या दिवशी खोडलं, कारण ऑटोचा वेळ वाढवायचं ज्याला सुचतं तो रात्रपाळीत मोटारी सांभाळणारा शेतकरी. माझा खजिनदार तालुक्याला राहतो, जमीन वाट्यानं देतो, डबा दुकानातून आणतो आणि वायरी जोडतो. त्याला कागद कळतात, डीपी कळत नाही. त्याच्या हातून मोटार धरणार नाही, हेच त्याचं खरं चित्र आहे. तेव्हा मास्तर जगले.

एक माणूस जगला की कादंबरीचं काय होतं, याचा हिशेब कोरडा आहे. प्रेत नाही, म्हणून पंचनामा नाही. पोलीस पाटील, मरणोत्तर पंचनाम्याचं भारतीय नागरी सुरक्षा संहितेतलं कलम 194, शवविच्छेदनाची वाट बघणारी बैलगाडीतली माणसं, अशी 14 पानं गेली. ती चांगली होती. भारतीय न्याय संहितेचं खुनाचं कलम 103 जाऊन तिथे खुनाच्या प्रयत्नाचं 109 आलं. (1 जुलै 2024 नंतर घडणाऱ्या गोष्टीत अजूनही 302 आणि 307 लिहिणाऱ्यांनी एकदा नवा कायदा उघडून बघावा. पोलीस ठाण्यातला हवालदारसुद्धा आता ते आकडे लिहीत नाही.) डेमी आकारात 16 पानांचा एक फॉर्म होतो, 224 पानांचे 14 फॉर्म ठरले होते. प्रकाशकाला फोन करून सांगितलं की फॉर्म बदलतील. त्यांचा प्रश्न एवढाच होता: शेवटी खजिनदाराचं परिवर्तन होतं ना?

खरी अडचण वेगळीच होती. हस्तलिखित वाचणारे आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, "छान झालं. मग लिहा की, देवानं वीज घालवली." त्यांचा मला आदर आहे, आणि तरी मी तसं लिहिणार नाही. वीज गेलीच नव्हती. ती आली म्हणून मोटार धरली नाही. योगायोगानं पात्र संकटात सापडलं तर वाचक मान्य करतो. योगायोगानंच ते सुटलं तर तो पुस्तक मिटतो. आमच्या प्रकारच्या लेखनात एक जादा मोह असतो, त्या योगायोगाला कृपा म्हणण्याचा. मराठीतली पहिली कादंबरी 1857 साली बाबा पदमनजींनी लिहिली, म्हणजे ख्रिस्ती माणसानं, आणि विधवांच्या दुःखाबद्दल लिहिली. तेव्हापासून उपदेश आमच्या कथेच्या रक्तात आहे, आणि तो मला परका वाटत नाही. पण उपदेशानं मोटार उठत नाही आणि बंदही पडत नाही. देव माझ्या गोष्टीत माणसाच्या मनाशी बोलेल. कॉइलचं काम कॉइलच करेल.

म्हणून कमी व्होल्टेज आधीच पेरावं लागलं. प्रकरण 2 मध्ये मास्तरांच्या घरी रात्री बल्ब तांबडा होतो आणि त्यांची सून पुस्तक मिटते. वाचकाला ते गरिबीचं चित्र वाटतं. प्रकरण 6 मध्ये एक मिस्तरी जळालेली कॉइल वास घेऊन बाजूला टाकतो, बोलतो मात्र पोराच्या लग्नाबद्दल. प्रकरण 9 मध्ये दोन शेतकरी ऑटोवरून भांडतात. तिसरी पेरणी घटनेच्या फार जवळ आली की तिचा इशारा होतो, म्हणून ती मी 12 वरून 9 वर नेली. घटना आता 15 मध्ये आहे. तिथे मास्तर गुंगीतून अर्धवट जागे होतात आणि अंधारात कट-कट ऐकतात. तिथे आधी चर्चच्या लाऊडस्पीकरवरचं गीतही होतं. ते काढलं. परवानगी असली तरी ध्वनिक्षेपक बारापर्यंतच, आणि हे बारा सात.

आता उरलं प्रकरण 16, आणि मी अडकले आहे ती इथेच. साडेबाराला, उपासना संपल्यावर, खजिनदार पाळकाच्या खोलीत येतो आणि सांगतो की मी मास्तरांना मारलं. अशा प्रसंगी लोक सर्रास जाळीच्या खिडकीचं लाकडी कपाट आणतात आणि पाळकाच्या ओठांना कुलूप घालतात. तो कॅथलिक पापनिवेदनाचा संस्कार आहे. तिथे धर्मगुरूला ते कधीच उघड करता येत नाही, चर्चच्या कायद्याचा नियम 983 तसं सांगतो. नगरकडची ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. इथे पापांगीकार सगळे मिळून उपासनेत करतात, आणि खासगीत सांगितलेलं पाळक जपतो ते विश्वासापोटी. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियमात नवरा-बायकोच्या बोलण्याला संरक्षण आहे (कलम 128), वकील-अशिलाच्या बोलण्याला आहे (132), धर्मगुरूंसाठी तसं कलमच नाही. पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही. पाळकापुढची चालू शकते. म्हणजे माझा पाळक साक्षीला बोलावला जाऊ शकतो, आणि ते त्याला माहीत आहे.

त्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे. बारा वीसला गव्हाला पाणी देणारा एक पोरगा धावत आला होता. मास्तर रिक्षात आहेत, दवाखान्याच्या वाटेवर, थंडीनं काकडलेले पण जिवंत.

पहिल्या खर्ड्यात पाळक खजिनदाराला लगेच सांगतो. खजिनदार रडतो, पण ते सुटकेचं रडणं आहे, त्यात पाप कुठेच उरत नाही. दुसऱ्या खर्ड्यात पाळक दहा मिनिटं गप्प राहतो आणि सगळं ऐकून घेतो. योहानाच्या पहिल्या पत्रातलं 3:15 द्वेष करणाऱ्यालाच मनुष्यघातकी म्हणतं, तेव्हा मास्तर जगले काय की मेले काय, या माणसानं ते केलेलं आहेच, असा त्याचा विचार. धर्माच्या दृष्टीनं तो बरोबर असेल. पण तिसऱ्या मिनिटाला मला त्याची चीड यायला लागते, आणि वाचकालाही येईल.

तिसऱ्या खर्ड्यात मी पाळकाला मध्येच बोलायला लावलं. "मास्तर जिवंत आहेत." खजिनदार बराच वेळ त्याच्याकडे बघत राहतो, आणि मग त्याच्या तोंडून पहिला शब्द येतो तो मास्तरांबद्दलचा नाही.

"मोटार चालू झाली नाही?"

हे वाक्य मी ठरवून लिहिलं नव्हतं, आणि ते काढायची माझी तयारी नाही. त्याला पाळक काय उत्तर देतो, ते अजून कागदावर आलेलं नाही.