रविवार गेला पासवर्ड घालण्यात

आज पोरांच्या सगळ्या डिव्हाइसवर पॅरेंटल कंट्रोल लावायचंच म्हणून सकाळी बसले, वाटलं अर्ध्या तासाचं काम, उठले तेव्हा संध्याकाळ. लेकीच्या फोनला फॅमिली लिंक (गूगलचं पालकांसाठीचं ॲप) पटकन झालं, रोजचा १ तास आणि रात्री ९ नंतर लॉक, नवीन ॲप हवं तर रिक्वेस्ट माझ्या फोनवर. आयपॅडने मात्र घाम काढला. त्यातल्या स्क्रीन टाइमचा, म्हणजे वेळेची लिमिट लावायच्या सेटिंगचा, पासकोड वेगळा ठेवायचा असतो, मी शहाणीने आयपॅड उघडायचाच ४ आकडी नंबर टाकला, जो पोराला तोंडपाठ!! पाच मिनिटांत साहेबांनी लिमिट काढून परत व्हिडिओ चालू 😅 मग नवीन नंबर टाकला, आता तो मीच विसरू नये म्हणजे झालं. निन्टेंडो स्विच या गेमच्या मशीनवर अजून एक गंमत, वेळ संपली की नुसती सूचना येते, गेम चालूच, बंद व्हायला हवा तर सस्पेंडचं सेटिंग वेगळं ऑन करावं लागतं, हे मला दोन तास "अजून कसा खेळतोय हा" करत बसल्यावर कळलं.

रात्री ९ ला लेकीचा फोन लॉक झाला. ती आली आणि म्हणाली, आई, तुझ्या फोनला कोण लावणार गं हे? मी तेव्हा फेसबुकवरच होते.