पॉपअप कुठून उगवतो, याला महत्त्व आहे

ऐरोलीतील आमच्या सोसायटीसाठी मी फावल्या वेळात एक अँड्रॉइड अ‍ॅप लिहिले आहे. त्यात मेंटेनन्सच्या प्रत्येक पावतीसमोर तीन ठिपके आहेत आणि त्यांवर बोट टेकवले की पावती डाउनलोड करणे, तक्रार नोंदवणे असे पर्याय दाखवणारा छोटा पॉपअप उघडतो. आमच्या इमारतीतील एक निवृत्त काका मात्र तो उघडताच घाईने मागे जाण्याचे बटण दाबत, कारण पावतीचे पान जाऊन भलतेच काही आले असे त्यांना वाटे. चूक माझी होती. मी अ‍ॅनिमेशनची शैली शून्य ठेवली होती, म्हणजेच अ‍ॅनिमेशन नको असे सांगितले होते, त्यामुळे तो पॉपअप कुठून आला हे डोळ्यांना कळायला वावच नव्हता.

अँड्रॉइडमध्ये असा पॉपअप दाखवणाऱ्या घटकाला पॉपअपविंडो म्हणतात आणि त्याला अ‍ॅनिमेशन देण्यासाठी सेटअ‍ॅनिमेशनस्टाइल ही पद्धत (मेथड, म्हणजे कोडमधील आज्ञा) वापरतात. तिला दिलेल्या शैलीत येण्याची आणि जाण्याची अशा दोन एक्सएमएल फायलींचा उल्लेख असतो. पॉपअप ही स्वतंत्र खिडकी असल्याने तिची हालचाल आपले अ‍ॅप नव्हे तर सिस्टीम घडवते, म्हणून येथे सरकणे, आकार बदलणे, फिरणे आणि पारदर्शकता हे जुने चार प्रकारच चालतात.

मी आकार ८० टक्क्यांवरून पूर्ण होईल आणि सोबत पारदर्शकता कमी होत जाईल असे ठरवले. पण आकार कोणत्या बिंदूपासून वाढावा हे सांगितले नाही, तर तो डाव्या वरच्या कोपऱ्यापासून वाढतो. ठिपके उजव्या कडेला असताना पॉपअप डावीकडून फुलणे मला अजिबात पटेना. म्हणून हा बिंदू, म्हणजेच पिव्हट, उजव्या वरच्या कोपऱ्यात नेला: आडवा १०० टक्के आणि उभा शून्य टक्के. वेळेसाठी मटेरिअल डिझाइन या गूगलच्या डिझाइन-पद्धतीच्या सुरुवातीच्या मार्गदर्शिकेतील आकडे घेतले: येताना २२५ मिलिसेकंद, शेवटी मंदावत, जाताना १९५ मिलिसेकंद, वेग घेत. जाणाऱ्या गोष्टीसाठी वापरणाऱ्याला ताटकळत ठेवू नये, हे मला मनापासून पटते.

एवढे करूनही यादीतील शेवटच्या पावतीपाशी काका पुन्हा गोंधळले. ठाण्याच्या लोकलमध्ये बसून मी फोनच्या डेव्हलपर पर्यायांत खिडकीच्या अ‍ॅनिमेशनचा वेग दहापट संथ केला, आणि दिघा गाव येण्याआधीच दोष दिसला. खाली जागा अपुरी असली की पॉपअप दाखवणारी शोअ‍ॅजड्रॉपडाउन ही पद्धत त्याला ठिपक्यांच्या वर नेते, पण माझा पिव्हट मात्र वरच्याच कडेला राहिला होता. परिणामी पॉपअप ठिपक्यांपासून दूरच्या टोकाकडून त्यांच्याकडे वाढत येत होता. अँड्रॉइडची मूळ शैली वर आणि खाली या दोन्ही दिशांचे भान ठेवते, आपली शैली दिली की ते काम आपल्यावर येते. आता मी ठिपक्यांखाली किती जागा उरते ते आधी मोजतो आणि पुरेशी नसेल तर उभा पिव्हट १०० टक्के असलेली दुसरी शैली देतो. ही निवड दाखवण्यापूर्वीच करावी लागते, कारण पॉपअप दिसत असताना शैली बदलली तर अपडेट ही पद्धत बोलावल्याशिवाय ती लागू होत नाही.

परवा काकांनी शेवटच्या पावतीचे ठिपके दाबले, क्षणभर पाहिले आणि थेट डाउनलोडवर बोट ठेवले.