मागच्या सीटची मर्जी

मार्च संपत आला की नागपुरात माणसांचे चेहरे दिसेनासे होतात. पुरुषांच्या डोक्याला पांढरे दुपट्टे, मुलींच्या तोंडाला डोळ्यांपुरती फट ठेवून करकचून बांधलेले स्कार्फ, वरून गॉगल, हातात खांद्यापर्यंत येणारे सुती मोजे. सिग्नलवर शेजारी येऊन थांबलेली बाई आपली सख्खी मावसबहीण आहे हे गाडीच्या नंबरावरून ओळखावं लागतं. पुढे नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, पारा ४५ च्या पलीकडे जातो आणि दुपारी बाहेर निघणाऱ्या प्रत्येकाला घरातून हाक येते, ‘दुपट्टा घेतला का?’ हा दुपट्टा बांधा म्हणून कोणत्या सरकारने सांगितलेलं नाही. त्यासाठी चौकात पोलीस नाहीत, दंड नाही, कोर्टात याचिका नाही. ‘डोकं माझं आहे, ऊन लागलं तर लागू द्या’ असं म्हणणारा वीर मला या गावात अजून भेटायचा आहे.

हेल्मेटचं नाव काढा, तोच माणूस घटनातज्ज्ञ होतो. ‘माह्या डोक्याचं मी पाहून घेईन ना भाऊ, सरकारले काय करायचं आहे?’

यात त्याचा दोष फारसा नाही. ऊन रोज लागतं, आणि एकदा लागलेलं ऊन माणूस जन्मभर विसरत नाही. पडणं मात्र रोज नसतं. माणूस वर्षानुवर्षं धरमपेठेतून इतवारीला जातो आणि धडधाकट परत येतो. धडधाकट पार पडलेली प्रत्येक फेरी हेल्मेटच्या विरोधात एक साक्ष नोंदवून जाते. अशा ढीगभर साक्षी जमल्यावर डॉक्टरांचं कोण ऐकतो? जगभरातले अभ्यास एकत्र तपासून २००८ साली निष्कर्ष निघाला होता, की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आकडा चांगला घसघशीत आहे. पण आकड्याने आजवर कोणाच्या हनुवटीखालचा पट्टा लावलेला नाही.

पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात रीतसर कृती समिती झाली, मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. नागपूरकर या भानगडीत पडत नाही. तो हेल्मेट विकत घेतो, कोपरात अडकवतो आणि निघतो. लॉ कॉलेज चौकाच्या अलीकडे दोन पांढरे शर्ट दिसले की हेल्मेट कोपरातून डोक्यावर चढतं आणि शंकरनगर यायच्या आत उतरतं. विरोधही झाला, कायदाही पाळला. २०१६ साली ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी राज्यभरासाठी घोषणा झाली होती, तेव्हा पंपवाल्यांनीच ओरड केली आणि ती योजना बारगळली. ती टिकली असती तर आमच्याकडे पंपाच्या तोंडाशी एक माणूस दहा-दहा रुपयांत हेल्मेट भाड्याने देत नक्की बसला असता.

मात्र या माणसाच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. व्हेरायटी चौकात मे महिन्यात दुपारी सिग्नलला उभं राहून पाहावं. खालून डांबर तापलेलं, बाजूला बसच्या इंजिनाची वाफ, आणि डोक्यावर सगळीकडून बंद असलेलं भांडं. घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात, आणि काच खाली असल्याने पुसायला बोट आत जात नाही. मानेचं दुखणं, केस गळणं, मागचा हॉर्न ऐकू न येणं, यातलं थोडं खरं, बरंचसं सांगोवांगी. पण ‘ठेवायचं कुठं?’ हा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटतो आणि त्यावर कोणीच बोलत नाही.

सीताबर्डीच्या मेन रोडवर खरेदीला गेलात तर एका हातात पिशव्या, दुसऱ्यात हेल्मेट. पैसे द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? गाडीच्या हुकाला अडकवून गेलात तर तासाभराने ते भट्टीतून काढल्यासारखं तापलेलं असतं, किंवा नसतंच. डिक्कीत मावत नाही. लग्नाला गेलात तर नवरदेवाशी फोटो काढताना पायाशी ठेवावं लागतं आणि पुढे अल्बममध्ये जन्मभर दिसत राहतं. ज्या शहरात दर चौथ्या चौकाला मोठं बांधकाम उभं राहतं आहे, तिथल्या एकाही मॉलला, मंगल कार्यालयाला किंवा सरकारी कचेरीला दारापाशी हेल्मेट ठेवायची फळी सुचू नये याचं मला नवल वाटतं. चपला ठेवायला सुचते.

तत्त्वाचं भांडण जिथे खरोखर झालं ती जागा वेगळी. अमेरिकेत १९६६ च्या एका कायद्याने केंद्राने राज्यांना रस्त्याच्या निधीचा धाक दाखवला आणि दहा वर्षांच्या आत जवळजवळ सगळ्या राज्यांनी हेल्मेटसक्ती केली. मोटारसायकलवाले संघटित झाले, राजधानीपर्यंत गेले, आणि १९७६ च्या सुमारास तो धाक काढून टाकला गेला. मग राज्यांनी एकामागून एक कायदे मागे घेतले किंवा सैल केले. ‘जो चालवतो त्यालाच ठरवू द्या’ ही त्यांची घोषणा. न्यू हॅम्पशायर या राज्याचं ब्रीदवाक्यच ‘मुक्त जगा, नाहीतर मरा’ असं आहे, आणि तिथे मोठ्या माणसाला हेल्मेटची सक्ती नाही. म्हणजे ब्रीदाच्या दोन्ही भागांची सोय आहे. फ्लोरिडाने २००० साली मधला मार्ग काढला. वय २१ च्या वर असेल आणि किमान १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा असेल तर खुशाल उघड्या डोक्याने फिरा. हा मला प्रामाणिक सौदा वाटतो. डोकं तुमचं म्हणता ना, मग बिलही तुमचं.

त्याआधीची गोष्ट इंग्लंडची. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात गावाकडच्या रस्त्याने आपली मोटारसायकल दामटत होते. सायकलवरची दोन पोरं अचानक समोर आली, त्यांना वाचवताना हे उडाले. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते हे प्रकरण विसरू शकले नाहीत. लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो छापला. लष्कराने ऐकलं. सामान्य माणसासाठी ब्रिटनमध्ये सक्ती यायला १९७३ उजाडलं. तेव्हा आपल्याकडे वेळ लागतो म्हणून कोणी फार खंतावू नये.

जुनं हेल्मेट टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहावं. वरचं चकचकीत कवच म्हणजे सारं काही, असा आपला समज असतो, आणि विकणाराही त्यावर टिचक्या मारून दाखवतो. आतलं कापड ओढून काढलं की खाली टीव्हीच्या खोक्यात येतं त्या जातीचं थर्माकोल लागतं, फक्त जास्त घट्ट. खरं काम ते करतं. डोकं आपटलं की ते चेपतं, आणि चेपता चेपता धक्का खाऊन टाकतं. एकदा चेपलेलं पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही नवं दिसलं तरी बाद समजायचं. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या स्वस्त हेल्मेटांत बोट घालून पाहा. पातळ स्पंज, त्याखाली प्लास्टिक, बस. बाहेर मात्र आयएसआयचा शिक्का ठसठशीत. जून २०२१ पासून देशात बीआयएसच्या, म्हणजे आयएसआयचा शिक्का देणाऱ्या संस्थेच्या, प्रमाणाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवता-विकता येत नाही, हे त्या दोरीला कोणी कळवलेलं दिसत नाही. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट तर पडणाऱ्या माणसाच्या आधीच आपला जीव वाचवून बाजूला होतं.

आता मर्जीकडे येतो. संध्याकाळी वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांच्या बाजूने घरी परतणाऱ्या गाड्या पाहत उभा राहिलो की एक चित्र फार दिसतं. पुढे नवरा, डोक्यावर काचेचं झाकण असलेलं दणकट हेल्मेट, पट्टा लावलेला. मागे बायको, एका बाजूला पाय सोडून बसलेली, एक हात सीटच्या मागच्या दांडीला, दुसरा मांडीवरच्या पोराला, डोक्यावर पदर. पुढच्या पायदानावर उभं मोठं लेकरू, हँडलच्या मध्ये तोंड घालून वारा खाणारं. घरात हेल्मेट एकच. ते कोणाच्या डोक्यावर गेलं हे सांगायची गरज नाही. दंड पुढच्याला होतो असाच आपला जुना समज.

‘जो चालवतो त्यालाच ठरवू द्या.’ बरं. आणि जी चालवत नाही तिचं काय? ब्रेक तिच्या हातात नाही, वेग तिच्या हातात नाही, समोरचा खड्डा तिला दिसत नाही. स्वातंत्र्यावरची सगळी भाषणं मी पुढच्या सीटवरूनच ऐकली आहेत. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक अपघातांत गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते.

याबद्दल मी आमच्या शेजारच्या काकूंना छेडलं, तर त्यांनी मलाच झापलं. ‘मले कोणी नाही म्हटलं नाही. माह्या अंबाड्यावर बसते का ते डबडं? तूच बसवून दाखव.’ खरंच बसत नाही. केसांचा अंबाडा, गजरा, मानेवर येणारी क्लिप, आडवं बसण्याची पद्धत, यातलं काही हेल्मेट करणाऱ्याच्या डोळ्यापुढे असल्याचं दिसत नाही. म्हणून काकूंची मर्जीही पूर्ण मर्जी नव्हे. न बसणारी वस्तू समोर ठेवून ‘घ्यायची तर घ्या’ म्हणणं, त्यातली ती मर्जी. तरी काकूंना निदान नाही म्हणता येतं. पायदानावरच्या पोराला कोणी विचारलंच नव्हतं. त्याच्या बापाला विचारलं तर ठरलेलं उत्तर, ‘इथूनच तं जायचं आहे.’

कायद्याचं म्हणाल तर तो या बाबतीत आपल्या पुढे आहे. मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटसक्तीचं कलम १२९ हे १९८८ च्या कायद्यापासून आहे, त्यात पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि बसणाऱ्यालाही, हेल्मेट सांगितलं आणि दंड १,००० रुपये ठेवला. चार वर्षांखालच्या लेकरांसाठी २०२३ पासून हेल्मेट, सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. ही दुरुस्ती ज्या मंत्र्यांच्या खात्याने आणली ते याच गावचे खासदार. लेकराला असा पट्टा बांधलेला पाहिल्याचं मला आठवत नाही. ‘आधी रस्ते नीट करा, मग हेल्मेट सांगा’ हे वाक्य मात्र पानठेल्यावर रोज ऐकतो, आणि त्यात तथ्य आहे. सिमेंट रोडची कड आणि बाजूची माती यांच्यात वीतभर फरक ठेवणाऱ्याला कोणी चालान पाठवत नाही. पण रस्ता वाईट आहे म्हणून डोकं उघडं ठेवायचं, हा हिशेब माझ्या गळी उतरत नाही. वाईट रस्त्यावर तर दोन घालावीत.

शिवाय हिशेबाचा शेवट मेडिकलमध्ये, म्हणजे आमच्या सरकारी मोठ्या दवाखान्यात, होतो. तिथल्या ट्रॉमाबाहेरच्या ओट्यावर भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडून आलेली माणसं सतरंजी टाकून असतात. डबा कोण आणणार, गावाकडच्या धानाचं काय, किती दिवस रजा मिळेल, असं दबल्या आवाजात चाललेलं असतं. डोकं एकट्याचं होतं, ओट्यावर पाच जण बसलेले असतात. त्यांतल्या कोणाची मर्जी कोणी घेतली होती?

२०२५ मध्ये केंद्राने नव्या दुचाकीसोबत एक नव्हे, दोन हेल्मेट द्यायच्या नियमाचा मसुदा काढला. मला तो दंडापेक्षा शहाणा वाटतो. फुकट आलेली वस्तू आपण वाया जाऊ देत नाही, आणि दुसरं घरात पडून राहिलं की कधीतरी कोणीतरी ‘हे कोणाचं?’ असं विचारेलच.

मसुद्याची वाट न पाहणारा एक जण परवा दुकानात दिसला. ‘मिसेससाठी पाहिजे,’ असं म्हणाला आणि एकेक हेल्मेट स्वतःच्याच डोक्यावर चढवून आरशात पाहू लागला. ५८० मापाचं घ्यावं की ६००, यावर बराच खल झाला. शेवटी दुकानदाराने त्याच्या डोक्यावरचं काढून परत फळीवर ठेवलं.

‘भाऊ, वहिनीचं डोकं तुमच्या मापाचं आहे का? उद्या त्यायलेच घेऊन या. अन् केस बांधूनच आणा, जसे रोज बांधतात तसे.’