घर विकलं, आता सगळं पाउंडात

न्यू जर्सीतलं घर विकून आम्ही दोघं फुलटाइम आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला लागलो तेव्हापासून जो तो एकच विचारतो, एवढं सामान काढलं कसं? अहो सोफा, डायनिंग टेबल, लॉनमोवर हे सगळं गराज सेलमध्ये पटापट गेलं, काही वाटलंसुद्धा नाही. गाडी अडली ती स्वयंपाकघरात.

लोकांना वाटतं आरव्हीत जागा पुरत नाही. जागा सापडते हो, बेडखाली, बेंचखाली, कुठेही कोंबा, खरा नडतो तो वजनाचा आकडा. आतमध्ये स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून एवढ्या पाउंडाच्या वर जायचं नाही म्हणून, आणि पाणीही त्यातच धरायचं. एक गॅलन पाणी 8.3 पाउंड, म्हणजे 40 गॅलनची टाकी फुल केली की 330 पाउंड, दीडशे किलो झाले ना तिथेच! मग पितळी पातेली, लाडवांचे मोठे डबे, दोन-दोन इडलीपात्रं कुठे ठेवणार? इंडियाला जाताना 23 किलोच्या बॅगा भरायची इतक्या वर्षांची प्रॅक्टिस तेव्हा कामी आली, नवरा तोच हातातला वजनकाटा घेऊन ओट्यापाशी बसला आणि मी एकेक भांडं त्याला लटकवत होते. सगळं भरून झाल्यावर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे अख्ख्या ट्रकचं वजन करणाऱ्या काट्यावर, गाडी घालायची, पुढच्या-मागच्या अॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. हे कराच.

स्वयंपाकाची तऱ्हा वेगळी. आमचं कनेक्शन 30 अँपचं, 120 व्होल्टने जेमतेम 3600 वॅट, त्यामुळे एसी, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडलाच, म्हणून कुकर गॅसवर. आणि फोडणीआधी छतावरचा फॅन लावायचा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म बोंबलतो.

घर नाही तर कागदोपत्री पत्ता कुठला, असं विचारता म्हणून सांगते, फुलटाइमवाले बहुतेक साउथ डकोटा, टेक्सास नाहीतर फ्लोरिडा धरतात, तिन्हीकडे स्टेटचा इन्कम टॅक्स नाही. आम्ही साउथ डकोटा, तिथे एक रात्र राहिल्याची पावती आणि मेल फॉरवर्डिंगचा पत्ता, बाकी नेहमीचे कागद. पण वय 65 च्या आत असेल, म्हणजे सरकारी मेडिकेअर अजून लागू नसेल, तर हेल्थ इन्शुरन्स सगळ्यात आधी बघा, मार्केटप्लेसचे (सरकारी इन्शुरन्स बाजारातले) प्लॅन पत्त्यावर ठरतात आणि कित्येक प्लॅनचं नेटवर्क त्या स्टेटबाहेर इमर्जन्सी सोडून चालत नाही. माझ्या मते घर विकण्याचा निर्णय इथे ठरतो, डब्या-भांड्यांवर नाही.

62 वर्षं झाली असतील आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर 80 डॉलरचा लाइफटाइम सीनियर पास काढून टाका, नॅशनल पार्कची एन्ट्री फुकट आणि बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मे पैसे.

ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, कोण रिकामा करतं हेही सगळे विचारतात. नवरा. मी लांब उभी राहून सूचना देते.